चार बोटं, साडेतेरा मिनिटं

आमच्या धुळ्याच्या घरात भिंतीवर एक तसबीर लावायला एकदा अख्खी सकाळ गेली. माय स्टुलावर उभी, हातात खिळा. आबा समोरच्या भिंतीला पाठ टेकून, उजवा हात ताठ पुढं केलेला, एक डोळा मिटलेला.

"दोन बोटं उजवीकडे," आबा म्हणाले.

मायनं तसबिरीच्या कडेला आपली दोन बोटं टेकवली आणि तेवढी ती सरकवली.

"दोन बोटं!" आबा पुन्हा म्हणाले. तिनं पुन्हा दोन बोटं सरकवली.

"अवं, दोन बोटं सांगस ना मी!"

"सरकाई ना मी! आते काय भीत सरकाऊ?"

"मना दोन बोटं. तुना नही."

माय स्टुलावरून खाली उतरली. "बोटं बी येगळा येगळा शेत का या घरमा?"

होतीच वेगळी. आबांची दोन बोटं डोळ्यापासून हातभर लांब, हवेत धरलेली. तिथून ती समोरची जेवढी भिंत झाकत, तेवढी तसबीर सरकायला हवी होती, म्हणजे चांगली वीतभर. मायची बोटं भिंतीला टेकलेली, त्यामुळं ती दोन बोटंच राहिली. आमच्याकडं बोट हे भातात पाणी किती ठेवायचं, लुगड्याचा काठ किती रुंद, याचं माप. हवेत धरून लांबची वस्तू मोजायचं बोट अख्ख्या गल्लीत एकट्या आबांकडं होतं. शेवटी दुपारी गंगेत घोडं न्हालं. तसबीर मायला पाहिजे तिथं लागली, आणि आबा पुढची कित्येक वर्षं तिच्याकडं बघून एक डोळा बारीक करत राहिले.

आबा तोफखान्यात नाईक होते. तोफेच्या बाजूला नेम धरायची दुर्बीण असते, तिच्यावर हुकुमाप्रमाणं आकडा लावायचा, हे त्यांचं काम. हा आकडा 'मिल'मध्ये असे. फौज सोडून ते घरी आले तेव्हा बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती, तोफेनं निकामी केलेला डावा कान होता आणि हे मिल होतं. आणि नोकरी लागली ती कुठं? कापडमिलच्या गेटवर! मी तेव्हा तिसरीत. आबा सकाळी मिलमध्ये जात आणि संध्याकाळी घरी येऊन जगातली प्रत्येक गोष्ट मिलमध्ये सांगत. खुंटी दहा मिल डावीकडं, चंद्र पिंपळापासून शंभर मिल वर. माझी खात्री होती की हे मिल मिलमध्येच तयार होतात, आणि आबा सुटताना थोडे घरी आणतात. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील मिलमध्ये काय करतात? मी सांगितलं, मोजतात. बाईंना वाटलं, कापड मोजतात. कोणाचंच काही अडलं नाही.

थोडी मोठी झाल्यावर मी विचारलं, की आबा, मिल म्हणजे नक्की काय? ते म्हणाले, हजार मीटरवर एक मीटर. मग म्हणाले, हजार हातांवर एक हात. मग म्हणाले, हजार कायबी घे, त्यावर एक. माझा गोंधळ वाढलाच. तेव्हा त्यांनी माझा हात लांब करून त्यात आगपेटीची काडी उभी धरायला लावली. ही काडी डोळ्याला जेवढं झाकते, ते तीन मिल. शिवणाचा जाड दोरा धरला, तर एक मिल. बोट धरलं, तर तीस. ही गोष्ट जवळ आहे की लांब, लहान की मोठी, याच्याशी मिलला देणंघेणं नाही. तुझ्या डोळ्यापाशी किती कोन झाला, एवढंच ते सांगतं. हे मला कळलं असं मी मान हलवून सांगितलं. कळलं नव्हतं.

कॉलेजात गणित घेतलं आणि मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. पडला तो नवीनच अंधार. मी हिशेब केला: हजारावर एक, तर पूर्ण वर्तुळात असे सहा हजार दोनशे त्र्याऐंशी मिल बसतात. आबा म्हणाले, चौसष्टशे. मी वही दाखवली. त्यांनी वहीकडं बघितलंही नाही.

"मग एकशे सतरा मिल कोठे गयात, आबा?"

"फौजमा गोल मोठा शे," ते म्हणाले.

मी वही आपटली. मग त्यांनीच समजावलं, की चौसष्टशेचे निम्मे करत जा, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. तोफेजवळ डोकं फिरलेलं असतं, तिथं निम्मं करता आलं पाहिजे. तुझ्या त्र्याऐंशीचं निम्मं कोण करत बसेल? हे मला पटलं, पण गणिताच्या सरांना सांगायची हिंमत झाली नाही.

कॉलेजात सैनिकी शिक्षणाचं पथक होतं. रविवारी परेड, खाकी शर्ट, आणि वर्षातून काही दिवस गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी पॉइंट टू-टूच्या रायफलीनं गोळ्या मारायला मिळत. मी त्यासाठीच नाव घातलं होतं. शिकवायला फौजेतले एक हवालदार, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद हिंदीत बोलत आणि आमच्या हिंदीला हसत. पहिल्याच दिवशी मी पाच गोळ्या मारल्या. उस्ताद कागद बघून आले आणि म्हणाले, "बेटा, तेरी गोली नौ बजे लग रही है. दो मिनट दाएं कर."

मी घाबरून म्हटलं, "उस्ताद, अभी तो साढ़े सात हुए हैं."

सगळ्या मुली जमिनीवर पालथ्या पडून हसल्या. पालथ्या होत्याच म्हणा. तर नौ बजे म्हणजे घड्याळ समोरच्या कागदावर ठेवलं तर नऊचा आकडा जिकडं येईल तिकडं, म्हणजे डावीकडं. आणि मिनिट म्हणजे वेळ नव्हे, तोही कोनच. एका अंशाचे साठ भाग केले, की त्यातला एक. घड्याळातले तास दिशा दाखवणार आणि मिनिटं कोन दाखवणार, हे ज्यानं ठरवलं तो मला भेटायला हवा होता. रायफलीवर डोळ्याजवळ, नेम धरताना जिच्या भोकातून बघायचं त्या चकतीला एक लहान किल्ली होती, ती फिरवली की टिक वाजे आणि नेम थोडा सरके. एक टिक म्हणजे अर्धं मिनिट. पंचवीस गजांवरच्या कागदावर एक मिनिट म्हणजे पाव इंच. दुर्बीण लावलेली रायफल उस्तादांनी फक्त फोटोत दाखवली. ते म्हणाले, त्या दुर्बिणींतही कोणाच्यात मिनिट असतं, कोणाच्यात मिल. मी मनात म्हटलं, झालं, एक ना धड भाराभर चिंध्या.

पण एक गोष्ट खरी होती. मला नेम येत होता. कसा ते मला सांगता यायचं नाही. अभ्यासात मी मधली, गाण्यात नापास, भाकरी माझी एका बाजूनं जाड. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी असं येत होतं, जे शेजारच्या मुलीला येत नव्हतं. श्वास अर्धा सोडून बोट दाबलं, की पाचही गोळ्या एकमेकींच्या अंगावर जाऊन बसत. उस्ताद त्याला ग्रुप म्हणत.

दुसऱ्या वर्षी खानदेशातल्या कॉलेजांमधून दोन मुली पुण्याच्या मोठ्या शिबिराला निवडणार होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेत नसत, तेव्हा माझी ही पहिली आणि शेवटची संधी. मी तोवर जळगावच्या पलीकडं गेले नव्हते, आणि जळगावलाही गेले ते कोणाच्या तरी लग्नाला. मला पुणं बघायचं नव्हतं. मला तिथं जाऊन गोळ्या मारायच्या होत्या, आणि ते मला इतकं हवं होतं की मी कोणाला सांगत नव्हते. आबांनी मात्र मिलच्या गेटमधून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं.

निवडीला आठवडा उरला तेव्हा आबांनी मला शिकवायला घेतलं. अंगणाच्या भिंतीवर कोळशानं ठिपका, माझ्या हातात लाटणं, आणि आबांची आज्ञा: "एक मिल उजवीकडे. आते दोन मिल खाले." मी म्हणे, आबा, माझ्या रायफलीवर मिल नाही, मिनिट आहे. ते म्हणत, हां हां. मी पाटी घेऊन गणित मांडलं. वर्तुळात मिल चौसष्टशे, मिनिटं एकवीस हजार सहाशे. म्हणजे एका मिलमध्ये सवातीनाच्या किंचित वर मिनिटं. ते म्हणत, हां हां, आणि लगेच, "तीन मिल डावीकडे." त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. हां हां. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या दिवशी मी नाद सोडला आणि ठरवलं, की त्यांना शिकवण्यापेक्षा आपणच त्यांचं माप पाठ करावं. रात्री झोपताना मी मिलची मिनिटं आणि मिनिटांच्या टिका करत असे. एक मिल, सात टिका. दोन मिल, साडेतेरा. तीन मिल, वीस. चार मिल, सत्तावीस. शेवटी मला पाटी लागेनाशी झाली. आबा बोलत आणि माझी बोटं आपोआप टिका मोजत. त्याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करते. त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहून पहिल्यांदा मला त्यांची भाषा येत होती.

निवडीच्या दिवशी आबांनी मिलमध्ये सुट्टी टाकली आणि मला सायकलवर डबलसीट घेऊन टेकडीपाशी आले. बघणाऱ्यांना दोरीच्या मागं उभं केलं होतं. पण उस्तादांना आबा आवडत. फौजी माणूस म्हणून त्यांनी आबांना आदल्या दिवशीच काम दिलं होतं, की दर फेरीनंतर जुना कागद काढायचा आणि नवा डकवायचा. मायनं मैद्याची खळ करून दिलेली होतीच. आबा एका हातात खळीचा डबा आणि दुसऱ्यात जुना ब्रश घेऊन, छाती काढून कागदांकडं चालत गेले.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांचा नियम असा: आधी पाच गोळ्या चाचणीच्या. त्या कुठं लागल्या ते साहेब फक्त दिशेनं सांगणार. किती, ते नाही. तो अंदाज ज्याचा त्यानं करायचा आणि किल्ली फिरवायची. मग दहा गोळ्या गुणांच्या. मधे कोणी बोलायचं नाही. उस्तादांनाही मनाई.

मी पाच गोळ्या मारल्या. साहेब कागद बघून आले आणि मला म्हणाले, "नौ बजे."

डावीकडं. पण किती? पंचवीस गजांवरून ती बारीक भोकं दिसत नाहीत. वारा होता, रायफल रोजची नव्हती. मी अर्धा इंच धरू, की दोन? तेवढ्यात आबा नवा कागद डकवून परत येताना दिसले. ते दोरीच्या मागं जाऊन उभे राहिले, टोपी काढली, घाम पुसला, आणि हात खाली घेताना अंगठा मिटून चार बोटं उजवीकडं कलती केली. एकच क्षण. मग टोपी घातली आणि आकाशाकडं बघू लागले.

ही लबाडी होती. मला ते तेव्हाही कळत होतं, आणि मी ती घेतली. चार. आबांचं चार. मिल की मिनिट, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. ज्या माणसानं चंद्रही मिलमध्येच मोजला, त्याचं चार म्हणजे दुसरं काय असणार? चार मिल, साडेतेरा मिनिटं, सत्तावीस टिका. फिरवताना एकदा वाटलं, फारच होताहेत. साडेतीन इंच डावीकडं गेल्या माझ्या गोळ्या? पण आबांनी जवळून पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं. शेवटची टिक वाजली आणि मी गाल रायफलीच्या लाकडी दस्त्याला टेकवला.

त्या दहा गोळ्या मी आयुष्यात मारलेल्या सगळ्यात सुंदर गोळ्या. दुसरी सुटली तेव्हाच हाताला कळलं होतं. उठले तेव्हा मी हसत होते.

साहेब कागद घेऊन आले. दहाच्या दहा भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. आणि ती सगळी मधल्या काळ्या वर्तुळापासून अडीच इंच उजवीकडं, कागदाच्या कोऱ्या भागात, अगदी गुण्यागोविंदानं बसलेली.

"ग्रुप तो लाजवाब है," साहेब म्हणाले. "पर बेटा, यह है कहाँ?"

जळगावची एक मुलगी निवडली गेली. तिच्या भोकांची चाळणी झाली होती, पण ती चाळणी निदान वर्तुळावर होती. दुसरी आमच्याच कॉलेजातली. उस्ताद माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. मला उस्तादांचा राग आला, साहेबांचा आला, त्या जळगावच्या मुलीच्या लाल रिबिनींचासुद्धा आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

परतीच्या वाटेवर मी कॅरिअरवर बसले होते. हमरस्ता आला. मग आबांच्या उजव्या खांद्याशी तोंड नेऊन विचारलं, "आबा, चार मिल कसाले सांगं तुम्ही? इतलं कोठे चुकनं व्हतं?"

आबांनी पाय टेकवून सायकल थांबवली. "मिल?"

"चार बोटं दाखाडी ना तुम्ही."

"मी मिल कोठे सांगं?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "चार मिनिट सांगं मी. एक इंच चुकनं व्हतं. पंचवीस गजवर पाव इंचना एक मिनिट. एक इंचना चार. तुनी बंदूकवर मिनिट शे ना? तठे मिल चालत नही."

"तुम्हले मिनिट येस?"

"तू इतली वरडी राह्यनी, मंग शिकनं पडनं," ते म्हणाले. कान दगा देतो म्हणून ते तीन दिवस उस्तादांकडं गेले होते. उस्तादांनी कागदावर लिहून दिलं होतं. मिलच्या गेटच्या आतल्या बाजूला खडूनं वर्तुळ काढून त्यांनी ते घोकलं होतं. मला सांगितलं नाही, कारण परीक्षेच्या दिवशी मला गंमत वाटावी.

एक इंच. चार मिनिटं. आठ टिका. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. मी त्यांच्याकडं यायला निघाले आणि ते माझ्याकडं यायला निघाले, आणि वाटेत आम्ही एकमेकांना ओळखलंच नाही. मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप.

"जनमभर मिल सोडं नही," मी म्हटलं, "आन आजच सोडनं व्हतं तुम्हले?"

त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा बघून कळलं, की ऐकलं. रस्त्यावरून सरकीची पोती भरलेला एक ट्रक गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ते हँडल धरून उभे होते. मग सायकलवर न बसता ती हातात धरून चालू लागले. मी शेजारून चालले.

"चौदा वरीस आकडा लावा मी," चालता चालता ते म्हणाले. "गोळा कोठे पडना, ते कधीच दखं नही. ते दखनारा दुसरा व्हतात, लांब, डोंगरवर. आम्हले नुसता पुढला आकडा ये." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आज पहिलांदा चालीसन गऊ आन जवळथाईन दखं. दहाना दहा एकच जागावर. मी बोट लाईसन दखं."

"पण जागा चुकनी ना, आबा."

"जागा चुकनी ती मनी शे," ते म्हणाले. "दहा एकठिकाने पडनात, ते तुनं शे. ते तुले कोन्ही बोटं दाखाडीसन दिधं नही."

मग मात्र मी रडले, भर रस्त्यात, खाकी शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. पुण्याला जायला मिळालं नाही म्हणून मी रडते आहे, असं आबांना वाटलं. ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की जाऊ दे, पुणं काय पळून जातंय. मी ते तसंच वाटू दिलं.